ठसका

पाराचोत अकरा दुकानं झाली.
वडील प्रत्येक गिटारची चौथी तार छेडतात,
सूर विरेपर्यंत श्वास धरून बसतात,
मग म्हणतात, "गोड आहे."
गोड म्हणजे नको, हे आता मला कळतं.

एकतीस वर्षं मोरेलिया-उरुआपान बस चालवली त्यांनी.
निवृत्त झाल्यापासून
उजव्या हाताची नखं वाढवली आहेत.
आई म्हणाली, आता भांडी कोण घासणार?

शेवटचं दुकान क्रिसोफोरोचं.
पायाखाली भुसा, सरसाचा वास.
तो चकाकणाऱ्या तीन काढून देतो:
शिसवी पाठ, हाडाची घोडी,
नायलॉनच्या कोऱ्या तारा.
वडील छेडतात, थांबतात.
भुशानं त्यांना ठसका लागतो

आणि कोपऱ्यात, खुंटीवर,
कुणी हातही न लावलेली एक
हळूच गुणगुणते.

आम्ही तिघंही गप्प.
वडील मुद्दाम पुन्हा खोकतात.
ती पुन्हा.

"पॉलिश राहिलंय तिचं," क्रिसोफोरो म्हणतो,
"आणि ही बघा, लाकडात गाठ.
गिऱ्हाइकाला दाखवत नाही मी ती."

वडील तिची तार छेडतसुद्धा नाहीत.
नोटांच्या गुंडाळीवरचं रबर काढतात,
मोजतात, परत मोजतात.
चारशे पेसो कमी.
मी पर्स उघडते.
ते खिडकीबाहेर काहीतरी बघतात.

परतीच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा निघतो.
आरशातून ओरडतो, "डॉन एवोदियो!"

मांडीवर, चादरीच्या आत,
त्याच्याही हाकेला ती ओ देते.
वडील जरा खट्टू होतात.