आवंढा

सातपूरच्या वर्गात फुग्यावर शिकलो.
फेस लावायचा, वस्तरा तिरका धरायचा,
फुटला की नवा फुगवायचा.
माझे अकरा फुटले.
बारावा घासून लख्ख झाला, तेव्हा
परीक्षक म्हणाले, हात हलका आहे.
सही. शिक्का.

अण्णा रामकुंडावर चाळीस वर्षं,
नावावर कागद एकही नाही.
माझं प्रमाणपत्र त्यांनी
तुरटीच्या खड्याखाली ठेवलं, उडू नये म्हणून.
म्हणाले, उद्या तू बस.

पहिलाच माणूस चांदवडचा.
बाप जाऊन दहा दिवस.
डोकं झालं, मिशी झाली,
हनुवटीखाली आलो
आणि त्याचा गळा हलला.

फुगा आवंढा गिळत नाही.

वस्तरा उचलून थांबलो.
मागे अण्णा.
बोलले काहीच नाहीत,
नुसतं वाटीतलं पाणी बदललं.