तांबडं

ओडील सोनिए आली तेव्हा मी तिपाईवर बसून चाक पुसत होतो.
आधी तिचे रबरी बूट दिसले,
बुटांवर शिंपल्यांचा चुरा.
म्हणजे मेटेगनच्या कारखान्यातून थेट, पाळी संपवून.
"मस्यो तिबोदो, विकायची ती हीच का?"
म्हटलं, हीच. पण आधी ऐकून घे.

शहाण्णवची माज्दा. दोनच माणसांची.
तिसरं कुणी आलंच आयुष्यात, तर ते मागून चालत येईल.
छप्पर कापडी, त्यातली काच पिवळी पडलेली,
मागचं दिसत नाही, अंदाजानं घ्यायचं.
थंडीत दुसरा गिअर रुसतो.
उजवा दिवा चटकन डोळा उघडतो,
डावा जरा विचार करून.
पाऊस असला की तुझ्या डाव्या गुडघ्यावर थेंब पडेल,
नेमका तिथेच, दर वेळी.
मी वीस वर्षं तिथे रुमाल ठेवतोय.

ती मान हलवत राहिली.
मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं
आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवू लागली.
चिकटलं. चिकटलं. चिकटलं.
मागच्या चाकापाशी आलं
आणि गळून पडलं.

आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांना मीठ घालतात,
लोणच्याला घालावं तसं, हात न आखडता.
त्या भोकात मी लांबी भरली होती,
घासून घासून वर पांढरा रंग दिला होता.
विकण्यासाठी नव्हे. मलाच पाहवत नव्हतं.
पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच?
फुटत होतंच ते, रंगाच्या कडेनं,
बारीक, एखाद्या कंजूष पहाटेसारखं.

एवढी एकच गोष्ट मी सांगितली नव्हती.

ती चुंबक हातात घेऊन उभी.
मला वाटलं, जाईल आता. सुटलो.
खरं तर मला विकायचीच नव्हती;
पण आत बसायला मला तीन टप्पे लागतात,
बाहेर यायला जमिनीवर हात टेकावा लागतो,
आणि मार्चमध्ये पेट्रोल पंपावर असाच टेकलो
तर एक पोरगा धावत आला:
"काही हरवलं का, आजोबा?"
त्याच संध्याकाळी काचेला पाटी लावली.

"चारशे डॉलर कमी करा," ओडील म्हणाली,
"वेल्डिंग मी शिकेन."

नोटा प्लास्टिकच्या, तरी त्यांना समुद्राचा वास.
मी किल्ली दिली. रुमालही दिला.
आत बसल्यावर, आरसा वगैरे नीट करून झाल्यावर
ती म्हणाली, "मला क्लच येत नाही."
तीही एक गोष्ट हातची राखून आली होती.
फिट्टंफाट.

चार वेळा गाडी बंद पडली, माझ्याच अंगणात.
मी दाराला धरून वाकलो: हळू.
झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून
हात काढतात ना, तसा पाय काढ.
"मला पोर नाही," ती म्हणाली.
मलाही नव्हतं. पण पाचव्यांदा निघाली.
चर्चच्या वळणाला गेली,
एक डोळा उघडा, दुसरा अजून विचारात.

आता शनिवारी संध्याकाळी ती खालच्या रस्त्यानं जाते.
खिडकीशी उठून जावं लागत नाही.
दुसऱ्या गिअरची करकर चढावरून वर येते
आणि टेबलाखाली माझा डावा पाय
आपोआप जमिनीत रुततो.

गेल्या शनिवारी करकर झालीच नाही.
दुसरा पडला, तिसरा पडला, गेलीसुद्धा.
मी पाय तसाच दाबून बसलो होतो,
चहा निवेपर्यंत.