पेरं

रजिस्टरात ‘सूचिपर्णी, प्लॉट दोन’ एवढंच आहे.
गगनबावड्याच्या वरच्या अंगाला
कुणा साहेबानं कधीकाळी करून पाहिलेली लागवड.
जानू झोरे म्हणतो, सुयांची झाडं.

फाल्गुनात थोरली तोडली. एकशे बारा.
कटर दोन दिवस किंचाळत होता.
ट्रक शिरोलीला गेले,
तिथं फौंड्रीत त्यांचे पॅटर्न होतील,
वाळूत आपला आकार ठेवून बाजूला निघतील
आणि त्या पोकळीत लोखंड ओततील.

मागं राहिली गुडघ्याएवढी.
मी लिहिलं : रोपं. वय तीन.
जानू काठी टेकून उकिडवा बसला.
‘मॅडम, ऊस बघितलाय न्हवं?
तशी पेरं मोजा. फांद्यांचा एक येढा, एक साल.’

मोजली.
नखाएवढी पेरं, एकमेकांत दाटलेली.
चौदा.
चौदा वर्षं ही खाली उभी होती,
वरून गळणारी उन्हाची चिल्लर वेचत,
मरायचं नाही एवढंच काम करत.

मला वाटलं, आता सुटली.
चैत्रात पिवळी पडली, वैशाखात तांबूस.
सावलीत घडलेल्या सुया त्या,
त्यांना एवढं आभाळ कुठलं झेपायला?
तेवीस गेली. मी तेवीस रेघा मारल्या.
‘अंधारातनं आलेल्याच्या डोळ्यावर
एकदम बत्ती मारू ने,’ जानू म्हणाला,
आणि दिवसभर पुन्हा काही नाही.

(थोरला भाऊ होता तोवर
जानूचा आवाज कुणी ऐकला नव्हता, नाक्यावर सांगतात.
भाऊ गेल्यावर वर्षभर तर मुळीच नाही.)

बाकीच्यांनी जुन्या सुया टाकल्या.
उघडीबोडकी उभी राहिली.
पुढच्या वर्षीचं पेर पुन्हा नखाएवढंच,
मी वरच्या ऑफिसला कळवलं : प्रगती नाही.
जमिनीखाली काय चाललंय
त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

तिसऱ्या वर्षी वीतभर.
यंदा हातभर, कोपरापासून बोटांपर्यंत,
आणि टोकाला मेणबत्तीसारखा उभा कोवळा कोंब,
चिकट, वास येणारा.
मी हात पुढं केला.
‘शेंड्याला नगं,’ जानू म्हणाला.

वयाचा रकाना खोडून पुन्हा लिहिला.
टेप जीपमध्ये राहिली होती,
म्हणून उंचीत लिहिलं :
जानूची काठी, वर चार बोटं.