आतल्या खोलीचं दार

दार आधी जरा वर उचलायचं,
गुडघा लावायचा, मग ढकलायचं.
या घरात आले त्याच संध्याकाळी
नणंदेनं शिकवलं होतं, चहाच्याही आधी.
फरशीवर कोयत्यासारखा ओरखडा,
कितीही पुसा, जात नाही.

रविवारी उत्तरेश्वर पेठेतून आण्णाप्पा सुतार आले.
दार दोनदा हलवलं, कान दिला.
"फुगलंय कुठं, वहिनी? वरची बिजागरी लोंबतीया."
स्क्रूच्या भोकात दोन आगकाड्या कोंबल्या,
थोडा फेविकॉल, आणि तोच जुना स्क्रू.
रंधा पिशवीतून बाहेरसुद्धा निघाला नाही.
एकोणीस वर्षं,
आणि दोन आगकाड्या.

आता दार बोटानं उघडतं.
उद्यमनगरातून रात्रपाळी उरकून हे येतात,
कळतच नाही.
आधी त्या खरडीनं जाग यायची,
आले, एवढं समजायचं,
कूस बदलून मी पुन्हा झोपायचे.

काल नणंद आली. सवयीनं
दार उचललं, गुडघा लावला,
आणि धाडकन आत, थेट पलंगावर.
खूप हसलो दोघी.
मग केस सारखे करत
ओरखड्याकडं बघत म्हणाली,
"मला विचारायचं तरी."