आकृतिबंध

नवा आकृतिबंध आलाय, ए-थ्री कागदावर.
सगळ्यात वर संचालकांची चौकट, मग रेषा खाली उतरतात:
नोंदणी, तपासणी, विधी, लेखा.
तक्रार कक्ष तुटक रेषेने कडेला,
वाटणीत वेगळी चूल मांडलेल्या धाकट्यासारखा.

मंगळवार पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर
तपासणीची खोली आता विधीकडे,
विधीची कपाटं जिन्यात,
आणि ढमढेरे बाई अजून विचारताहेत
त्यांचा पंखा कुठल्या शाखेत गेला.

मी आवक-जावक. मला चौकट नाही.
शिक्का आहे,
रोज सकाळी बोटाने त्याची तारीख फिरवतो.

लोहगावच्या इनामदारांचा अर्ज चौथ्यांदा आलाय.
मुलीला ज्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं
ती शेवटची कधी तपासली होती,
एवढंच विचारलंय.
नोंदणी म्हणते, तपासणीला विचारा.
तपासणी म्हणते, प्रकरण विधीकडे.
विधीचा शेरा: आवक क्रमांक पाहावा.

क्रमांक मीच दिलेला.

आज दुपारी चहा निवेपर्यंत
त्या ए-थ्रीवर पेन्सिलीने
दारापाशी एक बारकी चौकट काढली.
आत लिहिलं, बाकडं.
ते तिथे बसतात, पिशवी मांडीवर घेऊन.
रेषा कुठून आणावी
सुचेना.