दोन ठिपके

आमचं कार्यालय शाळेच्या गणिताच्या वर्गात होतं.
फळ्यावर कुणीतरी अर्धा सोडलेला भागाकार.
जून महिना, नॉर्वेतला; रात्री अकरालाही उजेड,
आणि माझ्यापुढे एक टंकयंत्र,
ज्याचा 'र' ओळीतून जरा वर उडायचा.

मेजर लुंडेवाल यांनी तोंडीच सांगितलं:
जिथे जिथे 'युद्धकैदी' आहे
तिथे 'शरण आलेलं सैन्य' घाला.
बाकी मजकुरात काना-मात्रेचा फरक नको.
का, मी विचारलं.
"युद्धकैद्याला सुरुंग काढायला लावता येत नाही. कायदा आहे."
मग खिडकीकडे बघत,
"आणि सुरुंग तर काढायचेच आहेत."

खोटं काय होतं त्यात?
त्यांनीच पेरले होते ते,
बटाट्याच्या वावरापासून थेट लाटेपर्यंत.
माझा भाऊ तोर्लाइफ मे महिन्यात त्यांच्या छावणीतून परतला
तेव्हा त्याला चमचा धरता येत नव्हता.
आई भरवायची,
आणि तिचा हात जवळ आला की तो दचकायचा.
मी एकशे चौदा पानं टंकली.
बोटं कुठे अडखळली नाहीत.

शरण आलेल्याला मरण नाही, म्हणतात.

याद्या न्यायला एक पोरगा यायचा,
उन्हाने कान सोललेला.
एकदा दारात रेंगाळला,
यादीतल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.
रूडिगर.
मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत म्हणाला,
"'उ'वर दोन ठिपके हवेत.
नाहीतर आईला कळायचं नाही, हा मीच."
या यंत्रावर ते अक्षर नाही, मी म्हणाले.
"बरं," म्हणाला, आणि यादी घेऊन गेला.

साफ झालेल्या वाळूवरून त्यांना चालवायचे,
हातात हात गुंफून, एका ओळीत,
शेवटची खात्री म्हणून.
लांबून वाटायचं, फेर धरलाय कुणी.
आम्ही पायऱ्यांवर बसून पाव खायचो.
बघायचो.
आवाज आधी छातीत यायचा,
कानात मागाहून.

तेवीस जुलैला हाताने लिहिलेली यादी आली, टंकायला.
सात नावं. चौथं त्याचं.
'कारण' या रकान्यात सातही वेळा एकच शब्द: काम.

टंकून झाल्यावर कागद बाहेर काढला,
दौत उघडली,
आणि टाकाच्या टोकाने दोन ठिपके दिले.
शाई थोडी पसरली.
सही करताना मेजर थबकले. हा डाग कसला?
डाग नाही, म्हणाले. शुद्धलेखन.

त्या रात्री तोर्लाइफला सगळं सांगितलं.
वाटलं होतं, चिडेल.
तो पेजेवर धरलेली साय बाजूला सारत राहिला.
मग म्हणाला,
"आमच्यासाठीही त्यांच्याकडे एक शब्द होता.
तोही कुणीतरी टंकलाच असेल.
चांगली, स्वच्छ टंकली असेल तिनंही पानं."

वरची प्रत फायलीत गेली.
खालची, कार्बनची, जर्मनीला, घरच्या पत्त्यावर.
ठिपके
फक्त वरच्या प्रतीवर होते.