साल

मंगळवारीत घेतलं, गुरुवारी.
आमच्या गावात वारांचं असंच असतं,
बुधवारी, इतवारी, शनिवारी
कायमचे पत्ते घेऊन बसलेत
आणि दिवस त्यांच्या दारावरून नुसते जातात.

"सागवान हाय ताई, आलापल्लीचं,"
भंगारवाल्या मुनेश्वरनं टेबलाला थाप मारली,
म्हशीला मारतात तशी.
नऊशे म्हणाला, सातशेवर सुटलं.
ऑटोवाल्यानं वर तीनशे घेतले
आणि मानेवाड्यापर्यंत ऐकवलं,
"एवढ्यात तं नवं प्लास्टिकचं येते."

मला येत काहीच नव्हतं.
मेडिकलच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काचपट्ट्या रंगवल्या,
लाकूड कधी नाही.
गॅलरीत कूलरची पाठ, पाण्याची टाकी, टेबल,
उरलेल्या जागेत मी, नाकाला ओढणी बांधून.

वरचा हिरवा, सरकारी.
त्याखाली चॉकलेटी.
त्याखाली गुलाबी, एकाच पायावर,
डब्यात तेवढाच उरला असावा.
पापुद्रे निघाले, खरवडणीखाली गोळा होऊन
चपलेला चिकटून घरभर फिरले.
चौथ्या रविवारी लाकूड दिसलं.
मधाच्या रंगाचं. मी ओल्या फडक्यानं पुसलं
आणि ते क्षणभर उजळलं, मग परत कोरडं.
मे महिना. इथे ओलं काही टिकत नाही.

फक्त डाव्या बाजूला एक काळं कडं,
गिलासाच्या बुडाएवढं.
रोज तिथंच ठेवत असणार कुणी,
डावखुरं असेल
किंवा उजव्या हातानं काही लिहीत असेल.
मला ते नको होतं.
माझं टेबल, माझे सातशे.

ऐंशी नंबरचा कागद घेतला.
कडं फिकटलं, जोर आला हाताला.
अजून थोडं. अजून.
आणि कडं गेलं,
त्याच्यासोबत मधही गेला.
तळहाताएवढ्या जागेत खालून वर आलं
एक पांढुरकं, पोचट, रेघ नसलेलं लाकूड,
डोळे चोळत.

खालच्या मजल्यावर दार बसवायला आलेले देवाजी मिस्त्री
जिना चढून आले, वाकले,
नखानं कडेला टोकरलं.
"बाप्पा! साल काढलं न तुम्ही.
सागवान तं वरून कागदाएवढंच होतं.
कावून घासलं एवढं?
आता देऊन द्या रंग, झाकून जाते."

साल.
केळ्याला असतं ते,
कॅलेंडरवर असतं ते,
आणि सातशे रुपयांत मी घेतलं होतं तेही.
हसूच आलं मला.
चार मायक्रॉनचा काप कापते मी रोज,
केसाहून पातळ, सुरकुती न पडू देता
कोमट पाण्यावर तरंगवते,
कुणाच्या तरी गाठीचा, कुणाच्या तरी गर्भाशयाचा,
आणि माझ्याच गॅलरीत
पातळ म्हणजे काय ते कळलं नाही.

रंग दिला नाही.
जॅमच्या बाटलीत चपडी भिजवली स्पिरिटमध्ये.
पहिला हात दुपारी दिला
तर फडकं पलीकडे पोचायच्या आत स्पिरिट उडून गेलं,
रेघोट्या राहिल्या, गोगलगाय फिरल्यासारख्या.
मग पहाटे पाचला उठू लागले.
जुनी बनियन गुंडाळून, एक हात, थांबायचं,
दुसरा हात.
शेजारच्या नळाला पाणी यायच्या आधी तीन.
असे अकरा हात झाले.
सागवान भरत गेलं, चमकलं.
ती जागा चमकली, पण वेगळी,
घड्याळ काढल्यावर मनगटावर राहते तशी.

देवाजी पुन्हा आले, पाहिलं, बोलले नाहीत.
जाता जाता म्हणाले,
"याच्यावर गरम काही ठेवजा नका."
दोनदा म्हणाले.

परवा मी चहाचा गिलास ठेवला.
बघितलंही नाही, हात आपोआप डावीकडे गेला,
बरोबर त्या जागेवर.
उचलला तेव्हा खाली पांढरं कडं,
नवंकोरं, गरम.

ड्रॉवरमध्ये दोनशे वीसचा अर्धा कागद उरलाय.
असू दे.